डावीकडं न बघणारी अक्का

आमची अक्का मान वळवायची नाही. कुणी डावीकडून हाक मारली तर हातातलं काम खाली ठेवायची, पाय उचलून अख्खीच्या अख्खी वळायची, अरुंद बोळात बैलगाडी वळवावी तशी, आणि पुरती समोर आल्यावर म्हणायची, "हं, बोल." तोवर हाक मारणारा निम्मं विसरलेला असायचा. अक्काशी बोलायचं तर आधी तिच्या पुढ्यात जायचं, हे गावातलं शेंबडं पोरही जाणून होतं. माहीत नव्हतं ते आमच्यासारख्या बाहेरून आलेल्यांना.

मी आले ती तिची धाकटी जाऊ म्हणून. परभणीत वाढलेली, बी.ए. झालेली आणि तोंडानं फटकळ. ती फटकळ अजून आहे. गाव झरीच्या पुढं, फाट्यावरून आत. लग्नानंतर दुसऱ्याच दिवशी मी स्वयंपाकघरात अक्काच्या डाव्या अंगाला उभी राहून विचारलं, "अक्का, साखर कुठं ठेवलीय?" उत्तर नाही. पुन्हा विचारलं. अक्कानं कढई उतरवली, पदर खोचला, उठली, वळली आणि म्हणाली, "समोर येऊन बोलत जा गं बाई. मी काय घुबड हाय का, गर्रकन मान फिरवायला?" मला वाटलं, काय हा ताठा! त्याच दुपारी माहेरी फोन लावून सांगितलं की थोरली जाऊ लय शिष्ट आहे, माझं काही खरं नाही.

(तिला मी तोंडावर 'तुम्ही'च म्हणायचे. पण मनात ती कायम 'ती' होती आणि इथंही तीच राहू दे.)

मग एका सकाळी मी तिला पडताना पाहिलं. अंगणात ती लुगडं वाळत घालत होती. वाऱ्यानं एक टोक दोरीवरून डावीकडं उडालं, ते धरायला तिनं सवय विसरून वर पाहिलं, आणि मागच्या मागं कोसळली. बादली एकीकडं, ती एकीकडं. डोळ्यांची बुबुळं लटलट हलत होती, जीभ जड झालेली, तोंडातून "आ… ला… बा…" असलं काहीतरी येत होतं. मी किंचाळले. थोड्याच वेळात ती उठून बसली, कपाळाचा घाम पुसला, मातीत लोळलेल्या लुगड्याकडं बघितलं आणि म्हणाली, "घ्या! परत धुवा आता हे." तिला काय झालं होतं ते मी विचारलं तर म्हणाली, "मला कामून इचारायलीस? मी तवा घरी नसते."

हे तिचं पेटंट वाक्य. मी तवा घरी नसते.

दवाखाने झालेले होते. एकानं रक्त कमी म्हणून लाल औषध दिलं, एकानं पित्ताच्या गोळ्या दिल्या, एकानं कानात दोष सांगितला, चष्मेवाल्यानं चष्मा दिला. तो चष्मा ती तांदूळ निवडताना लावायची, बाकी त्याचा उपयोग शून्य. शेवटी डोक्याचा मोठा फोटोही काढून झाला. मशीनमध्ये उताणी निजवून, मान सरळ ठेवून. रिपोर्ट आला तो अगदी निर्मळ. "माझ्या डोक्यात काईच न्हाई म्हणून सरकारी शिक्का मिळालाय," असं ती चारचौघींत सांगायची आणि स्वतःच हसायची. हसताना तोंडावर हात जायचा, मान मात्र जागची हलायची नाही.

पण त्या निर्मळ रिपोर्टानंच घात केला. डॉक्टरला काही सापडेना म्हटल्यावर गावाला सापडलं.

झालं होतं असं, की मी त्या घरात येण्याआधीच्या एका नवरात्रात देवीच्या देवळात आरती चालली होती. संबळ जोरात. सभामंडपाच्या खांबापाशी अक्का बसलेली. तिथून देवी डाव्या हाताला, उंच ओट्यावर. कुणीतरी म्हणालं, "बघ गं, आज मायचा साज कसा दिसायलाय." अक्कानं डावीकडं वर बघितलं आणि पडली. तोंडातून तीच जड जीभ, तेच हलणारे डोळे. देवळात कुणी त्याला चक्कर म्हणेल का? "माय आली गं, माय आली!" बायकांनी तिचे केस सोडले, हळदीकुंकवाचा मळवट भरला, मांडीवर नारळ ठेवला. ती शुद्धीवर आली तेव्हा अर्धं गाव तिच्या पायावर डोकं ठेवत होतं. लोक अशा बाईला देवीचं झाड म्हणतात. झाड झालं की बाई संपली.

तेव्हापासून दर मंगळवारी तिला देवळात नेऊ लागले. जिथं पहिल्यांदा माय आली तिथंच बसवायचं, त्याच खांबापाशी, त्याच तोंडानं. आरती सुरू झाली की आमच्या सासूबाई, त्यांना आम्ही आत्याबाई म्हणायचो, तिच्या कानाशी म्हणायच्या, "मायकडं बघ." नाही बघितलं तर हनुवटीला हात लावून, अगदी मायेनं, तिची मान डावीकडं वर वळवायच्या. की गेलीच अक्का. मग पायाशी प्रश्न यायचे. पोराला नोकरी लागंल का, म्हैस कुणी सोडून नेली, सुनेला दिवस कवा जातील. अक्काच्या तोंडून जे काही निघायचं त्याचा अर्थ आत्याबाई सांगायच्या. "उगवतीला जा म्हणती माय." माणूस उगवतीला जायचा. म्हैस सापडली तर मायची कृपा, नाही सापडली तर त्याचीच काही चूक.

आत्याबाईंचा मला तेव्हा भयंकर राग यायचा. अजूनही थोडा आहे. पण खरं ते सांगितलं पाहिजे. बाई तरुणपणी विधवा झाल्या होत्या. गावात हळदीकुंकू असलं की त्यांनी घरात थांबायचं, लग्नात नवरीला हळद लागत असली की मागच्या भिंतीपाशी उभं राहायचं. असं आयुष्य गेलं. आणि आता देवळात त्यांना देवीच्या झाडाशेजारी पाट. पाटलीणबाई उठून जागा करून द्यायच्या. सून पडत होती आणि सासू उभी राहत होती, असा सगळा तो प्रकार.

अक्काला हे कळत नव्हतं असं नाही. एकदा आम्ही दोघी मागच्या अंगणात भांडी घासत होतो. ती म्हणाली, "वैशाले, एक सांगू? माझ्या अंगात देवी येती असं सगळी म्हणायलीत. मीबी हात जोडते. पण मला सांग, देवी असती तर तिनं डावं-उजवं बघितलं असतं का? उजवीकडं बघितलं तर कदी येत न्हाई. खाली बघितलं तर येत न्हाई. डावीकडं, वर, तवाच कामून येती?"

मी म्हटलं, "मग अक्का, हे आत्याबाईंना सांगा की."

ती परातीवरची राख निपटत राहिली. "सांगून काय? म्हणतील, मायची बसायची बाजू हाय ती."

एस.टी.त बसतानाही ती डावीकडची खिडकी धरायची, म्हणजे सगळं जग उजव्या हाताला राहील. झोपायची ती उजव्या कुशीवर, भिंत पाठीशी घेऊन. घरात कुणी तिला बोलावलं तर आपणच पुढ्यात जायचं. आपल्याच खांद्यावर वस्ती करून बसलेल्या कुणाला जाग येऊ नये, अशी ती दिवसभर जपून वावरायची. मी बघायचे आणि जीव गुदमरायचा माझा. तिचा तर गुदमरत असेलच.

शेवटी ब्लाऊजपीस आणायच्या निमित्तानं मी तिला परभणीला नेलं. तिथं मेंदूच्या विकारांच्या एक डॉक्टरीणबाई आठवड्यातून एकदा येतात, असं माझ्या भावानं सांगितलं होतं. त्यांनी विचारलं, "काय होतं?" अक्का म्हणाली, "डावीकडं वर बघितलं की मी घरी नसते."

मला वाटलं आता हसतील. त्यांनी पेन खाली ठेवलं. उठून अक्काच्या पुढ्यात आल्या, पुढ्यात, लक्षात घ्या, आणि म्हणाल्या, "मला दाखवता? मी धरते. पडू देणार नाही." अक्कानं माझ्याकडं बघितलं, म्हणजे अख्खी वळून बघितलं. मग डॉक्टरीणबाईंनी दोन्ही तळव्यांत तिचं डोकं धरलं आणि हळू, अगदी हळू डावीकडं वळवलं. बुबुळं हलायला लागली. जीभ जड झाली. त्यांनी लगेच मान सरळ केली. अक्का परत आली. त्यांनी तिच्या गालावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "किती वर्षं सोसलंत हो हे?" त्या एका प्रश्नावर अक्का ढसाढसा रडली. चार मंगळवार सोडा, चार वर्षांत तिला हे कुणी विचारलं नव्हतं.

मग मान वळवून फोटो काढला आणि सापडलं. डॉक्टरीणबाईंनी आम्हाला शेतातल्या माणसांना कळेल असं सांगितलं. मेंदूच्या मागच्या भागाला रक्त नेणाऱ्या दोन नळ्या मानेच्या मणक्यांतून वर चढतात. अक्काची एक जन्मापासूनच सुतळीएवढी बारीक. सगळा भार दुसरीवर. आणि त्या दुसरीच्या वाटेत मणक्याचं हाड वाढलेलं. मान सरळ असली की रक्त वाहतं, डावीकडं वळली की हाड नळीवर बसतं. ठिबकची नळी दगडाखाली दबली की पुढच्या झाडाला पाणी जात नाही, तसं. सरळ निजवून काढलेल्या फोटोत ते दिसणार कसं? "मान तिकडं वळवायची नाही. वर बघायचं नाही. झटका तर अजिबात नाही," त्या म्हणाल्या. "वरचेवर दबून आत गुठळी झाली तर लकवा होईल, जिवावरही बेतेल. मानेला पट्टा वापरा. आणि ऑपरेशनचं बघा, ते हाड घासून काढता येतं."

अक्कानं विचारलं, "म्हंजी माय न्हाई?"

"ते मला सांगता येणार नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "हाड आहे, एवढं सांगते."

परतताना अक्का पट्ट्याची पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. मी मात्र उड्या मारत होते. घरी जाऊन कुणाकुणाला काय काय सुनवायचं याची मनात उजळणी चालली होती. फाट्यावर उतरताना तिनं माझा हात धरला. "तू काई बोलू नको. लोकं म्हणतील, इतके दिस हिनं ढोंग केलं, देवीच्या नावानं गावाला फसवलं. मपली पोरगी लग्नाची हाय. ढोंगी बाईची लेक कोण करतंय?"

तिच्यापुढं माझी बी.ए.ची पदवी काय कामाची? देवी म्हणावं तर मान जाते, हाड म्हणावं तर अब्रू जाते. दोन्हीकडून दार बंद.

घरात मात्र सांगावं लागलं. भावजी, म्हणजे अक्काचे मालक, कधी कुणाला नाही न म्हणणारे, आईच्या तोंडाकडं बघत राहिले. आत्याबाईंनी पट्टा हातात घेऊन उलटापालटा करून बघितला. म्हणाल्या, "गॅप तर सगळ्यांच्याच मानंत निघती. करू इलाज, न्हाई कोण म्हणतंय? पण अष्टमी आलीय तोंडावर. बाहेरगावची माणसं येणार. एवढी अष्टमी होऊ द्या."

आता अष्टमी म्हणजे काय, तर मंगळवारची माय नुसती पडते, अष्टमीच्या मायला बायका धरून घुमवतात. केस मोकळे सोडून, मान गरागरा फिरवून. डॉक्टरीणबाईंनी जे जे करू नका म्हणून सांगितलं होतं ते सगळं एका बैठकीत. मी भांडले. चांगली कडाकडा भांडले. आत्याबाई म्हणाल्या, "आजवर काई झालं का?" त्या दिवसांत अक्का एकदा म्हणाली, "खोलीला दार असलं की माणूस बाहेर पडतं गं. मला मपल्याच मानंत कोंडलंय."

अष्टमी आली. देऊळ गच्च. पोरांनी मोबाईल वर धरलेले. अक्काला खांबापाशी बसवलं, मळवट भरला, केस सोडले, पट्टा अर्थात घरी. संबळ वाजायला लागली. मी अशी जागा धरली होती की ती पडली तर माझ्या अंगावर पडावी. आत्याबाई वाकल्या. "मायकडं बघ."

अक्का समोर बघत राहिली.

"बघ बाई, मायकडं बघ." हनुवटीकडं हात गेला. आणि अक्कानं त्यांचं मनगट धरलं. गच्च. सुनेनं सासूचं मनगट धरलेलं त्या गावानं पहिल्यांदा बघितलं असेल. संबळ अडखळली.

"हात काढ," अक्का म्हणाली. सासूला. 'काढ.' मान ताठ, नजर समोर, आवाज असा की मीही दचकले. "किती दिस माझ्या झाडाला वाकवायलाव तुमी? आजपासून ह्या मानंला कुणी हात लावायचा न्हाई. दवाखान्यातला पट्टा हिच्या गळ्यात मीच घातलाय. तो तू तुझ्या हातानं रोज बांधायचा. मी जायलेय. परत येणार न्हाई. ज्यानं त्यानं आपापली म्हैस आपण धुंडाळा."

मग कुणीतरी ओरडलं, "उदो उदो!" आणि देऊळ दणाणलं. कुणीतरी पळत जाऊन घरून पट्टा आणला. तो ताटात ठेवला, त्याला हळदीकुंकू वाहिलं, ओवाळलं. आत्याबाईंनी तो अक्काच्या गळ्यात बांधला. मी पदरात तोंड खुपसलं होतं. बायकांना वाटलं मी भक्तीनं रडतेय. मी हसत होते, आणि रडतही होते.

दुसऱ्या दिवशी मागच्या अंगणात अक्का मला म्हणाली, "पाप लागंल का गं मला?"

"कसलं पाप? देवीला काय मान मोडलेलं झाड हवंय?"

"ते खरं. पण बघ ना, इतकी वर्षं मी पडले ती खरीखुरी पडले. खोटं बोलले ते कालच्याला. अन् लोकांना कालचंच सगळ्यात खरं वाटायलंय."

पट्ट्याचा पिवळा डाग कधी गेला नाही. बायका दर्शनाला येऊन तो बोटानं शिवायच्या आणि बोट कपाळाला लावायच्या. आत्याबाई रोज सकाळी, अक्काची अंघोळ झाली की, तिच्या पुढ्यात बसून तो बांधायच्या. फार सैल नाही, फार घट्ट नाही. मायची आज्ञाच होती ती. मंगळवार बंद झाले, पडणं थांबलं. मला वाटलं, सुटली बाई.

कुठली सुटते! पुढं मोठ्या शहरातल्या डॉक्टरनं तपासून सांगितलं की पट्ट्यावर जन्म काढता येणार नाही, ऑपरेशन करून टाका. घरी आल्यावर भावजींनी खिशातून मोबाईल काढला आणि अष्टमीचा व्हिडिओ लावला. अख्ख्या तालुक्यात फिरला होता तो. त्यात अक्काचाच आवाज, खणखणीत: 'आजपासून ह्या मानंला कुणी हात लावायचा न्हाई.' भावजी म्हणाले, "मायनंच सांगितलंय न्हवं? मग चाकू कसा लावू द्यावा?" आत्याबाई खाली बघत होत्या. मी अक्काकडं बघितलं. आता तिनंच माय म्हणून परत बोलावं, तर 'परत येणार नाही' हेही तिचंच. अक्कानं तो व्हिडिओ पुरता ऐकला आणि म्हणाली, "आवाज मातर बरा आलाय." मग स्वयंपाकघरात जाऊन पाठमोरी उभी राहिली, भिंतीकडं तोंड करून. मी तिच्या पुढ्यात जाऊ शकत नव्हते, पुढ्यात भिंत होती.

लेकीचं, प्रतीक्षाचं, लग्न जमलं. चांगलं स्थळ, पाथरीकडचं. लग्नात अक्का पट्ट्यावर ठुशी घालून मिरवली. "दागिना नवीन हाय, बँकेत ठेवता येत न्हाई," म्हणून विहिणींना हसवलं. पाठवणीच्या वेळी गाडी मांडवाच्या डाव्या अंगाला लागली. प्रतीक्षा सगळ्यांच्या पाया पडून गाडीत बसली आणि गाडी हलली तशी खिडकीतून ओरडली, "आईऽ!" डावीकडून. इतकी वर्षं पोरीनं आईला समोर जाऊनच हाक मारली होती, पण त्या वेळी कुणाला भान राहतं? अक्कानं वळायला पाय उचलला. पण दोन्ही बाजूंनी रडणाऱ्या बायकांनी तिला मिठ्या मारलेल्या, वळायला तसूभर जागा नाही. पट्ट्यावर तिची हनुवटी थडथड उडत होती. मान तिनं वळवली नाही. बायका बाजूला होऊन ती पुरती वळेपर्यंत रस्त्यावर नुसता फुफाटा होता.

"दिसली का गं तुला?" तिनं मला विचारलं.

"दिसली."

"कशी दिसत हुती, सांग."

मी सांगितलं. मुंडावळ्या एका बाजूला सरकल्या होत्या, काजळ गालावर आलं होतं, हात बाहेर काढला होता. ती तोंड समोर ठेवून, डोळे मिटून ऐकत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्याबाई पट्टा बांधायला बसल्या. मी चहा घेऊन आले होते. अक्का म्हणाली, "आत्याबाई, एक सांगते. अष्टमीला माय बोलली न्हवती. मी बोलले हुते. आता काय करायचं ते करा. पोरगी तिच्या घरी गेली, मला आता कशाचंच भ्याव न्हाई."

आत्याबाईंनी पट्ट्याची पट्टी नीट दाबून बसवली. म्हणाल्या, "मालूम हाय मला."

"कवापासून?"

"तवापासूनच. खरी पडायचीस तवा तुझे हात गार पडायचे. त्या दिशी माझं मनगट धरलंस. ऊन हुता हात."

"मग बोलला कामून न्हाईत?"

आत्याबाईंनी बांधलेला पट्टा बोटानं चाचपून बघितला. "तू देवी झालीस तवा मला गावानं पाट दिला. तू न्हाईस म्हणलं तर मी कोण? अन् ऑपरेशनला नेलं अन् माघारी न्हाई आलीस तर? म्हणलं, पट्ट्यावर हाय तोवर डोळ्यापुढं तरी हाय." मग पदरानं डोळे पुसून त्यांनी दारातूनच भावजींना हाक मारली, "आरं, दवाखान्याचं बघ. हिला न्यायचंय. माय काई म्हणत न्हाई."

तारीख मिळाली. मी आणि आत्याबाई सोबत जाणार होतो. अक्कानं मला सांगून ठेवलं होतं, "येताना मी एस.टी.त उजव्या खिडकीला बसणार, अन् गाव येईस्तोवर डावीकडंच बघत येणार. तू बोलायचं न्हाई माझ्याशी."

निघायच्या सकाळी ती म्हणाली, "डोक्यावरून न्हाऊन घेते. तिथं किती दिस पाणी लागायचं न्हाई." पट्टा काढून खुंटीला अडकवला. केस धुताना मान मागं गेली असेल, तांब्या ओतताना डावीकडं कलली असेल. कोण जाणे. न्हाणीतून बाहेर आली ती भिंत धरून. "वैशाले, मला तू दोन-दोन दिसायलीस," म्हणाली. ओकली. मग उजवा हात आपोआप मांडीवर पडला आणि परत उचलला गेला नाही. आम्ही तिला परभणीला नेलं. डॉक्टरांनी केलं ते सगळं केलं. दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली. या खेपेला घरी परत आलीच नाही.

अंगणात तिला निजवलं होतं. सवाष्ण गेली म्हणून बायका मळवट भरत होत्या. भरता भरता तिची मान कलली, डावीकडं. आमच्या अंगणातून देऊळ डाव्या हाताला पडतं. एक बाई हुंदका देत म्हणाली, "बघा गं, मायकडं बघायलीय." बाकीच्यांनी हात जोडले. कुणीतरी म्हणालं, तशीच राहू द्या, तिला तिच्या मायचं दर्शन होऊ द्या.

आत्याबाई कोपऱ्यात बसल्या होत्या. त्या उठल्या. "सरळ करा तिला!" एवढ्या मोठ्यानं ओरडल्या की बायका मागं सरल्या. "तिला तिकडं बघवत न्हाई. कितीदा सांगायचं?" न्हाणीतल्या खुंटीवरून पट्टा आणला, तो पिवळा डागवाला. अक्काच्या पुढ्यात बसल्या, हनुवटीला हात लावला आणि अगदी हळू, मायेनं, मान सरळ केली. पट्टा बांधला, रोजच्यासारखा, फार सैल नाही, फार घट्ट नाही. मग तिच्या तोंडाशी वाकून म्हणाल्या, "बांधला गं बाई. आता जा. कुणीबी हाक मारली तरी वळू नको."